राक्षसाचा डावा गाल

कुमुद तेंडोलकरच्या कारखान्यात काय हवं ते मिळेल, आरसा तेवढा मिळणार नाही. कुडाळच्या बाहेर, बंद पडलेल्या एका काजू कारखान्याच्या शेडमध्ये तिने आपला संसार थाटला होता. खुंट्यांना जखिणी लटकत होत्या, फडताळात काचेचे डोळे मापाप्रमाणे लावून ठेवले होते, कोपऱ्यात एक अर्धवट अस्वल वर्षानुवर्षं आपल्या मागच्या पायांची वाट बघत उभं होतं. पण तोंड बघायची सोय कुठेच नव्हती. बाथरूमच्या खिडकीच्या काचेलासुद्धा तिने कागद चिकटवला होता.

ह्याला कारण होतं. नट आरशात बघायला लागला की त्याला उपदेशाचा उमाळा येतो, असा कुमुदचा अनुभव होता. इथे जरा कमी करा, तिथे जरा वाढवा, माझं नाक एवढं बसकं आहे का हो? म्हणून तिचा नियम असा की खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे आणि तिने ‘ऊठ’ म्हणेपर्यंत आपला चेहरा तिच्या हवाली करायचा. दुसऱ्या कोणी त्या चेहऱ्याला बोट लावायचं नाही, ज्याचा तो आहे त्यानेही नाही. भलेभले हिरो ह्या खुर्चीत मुकाट बसलेले लोकांनी पाहिले होते.

हा अधिकार तिला कोणी आयता दिला नव्हता. ती मुंबईत गेली तेव्हा बायकांना सिनेमात मेकअप करायचं संघटनेचं कार्डच मिळत नसे. बायकांनी केस विंचरावेत, रंग पुरुषांनी लावावा, अशी वाटणी होती. कुमुद कार्डावर केस विंचरायची आणि पडद्याआड फोड, जखमा, जळलेले हात बनवायची. कोणी तपासायला आलं की हातातला ब्रश टाकून कंगवा धरायचा. पुढे ती वाटणी मोडली, कुमुदचं नाव झालं, राक्षस म्हटला की तेंडोलकर बाईंना बोलवा असं होऊन बसलं. तिची जखीण पडद्यावर आली आणि बाल्कनीतली पोरं खुर्च्यांखाली शिरली, ही हकीकत ती अजूनही रंगवून सांगे.

मग यंत्रांनी काढलेली चित्रं आली आणि राक्षस फुकटात मिळू लागले. कुमुद गावी परतली. काही वर्षं तिने दुकानांसाठी मेणाची फळं आणि लग्नाच्या स्टेजसाठी थर्माकोलचे मोर केले. त्या मोरांचा विषय काढलेला तिला खपत नसे.

पण वारं पुन्हा फिरलं. यंत्रांच्या चित्रांचा असा काही लोंढा आला की लोकांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. पडद्यावर डोंगर कोसळो की राणी रडो, बघणारा म्हणे, खोटं असेल. तेव्हा सीलबंद कॅमेरा निघाला. ह्या कॅमेऱ्याच्या भिंगामागे एक चिप असते आणि चित्र टिपल्या क्षणी ती त्यावर गुप्त खूण उमटवते. नंतर त्यातला एक ठिपका जरी कोणी बदलला, तरी खूण जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते. अशा कॅमेऱ्याने काढलेल्या चित्रपटाला ‘प्रत्यक्ष’ असा शिक्का मिळू लागला आणि लोक शिक्का बघून तिकीट काढू लागले. जे दिसतं ते कॅमेऱ्यासमोर खरोखर घडलेलं असलं पाहिजे. म्हणजे राक्षसही खरा हवा, आणि खरे राक्षस करणारी माणसं देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती.

त्याच सुमाराला डॉक्टर रेहाना मुकादम तिच्या दारात येऊन उभी राहिली. रेहाना मूळची राजापूरची. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ती मऊ यंत्रं बनवायची आणि त्या यंत्रांना चेहरा देणारं कोणीतरी शोधत होती. आपण हसतो तेव्हा मेंदूकडून गालाच्या स्नायूला विजेचा बारीकसा निरोप जातो. कान तिखट असेल तर हा निरोप कातडीवरूनही ऐकू येतो. रेहानाच्या जेलीसारख्या पातळ पापुद्र्यात असे हजारो कान होते, आणि त्यांच्या मधून केसाहून बारीक धागे विणले होते. वीज मिळाली की हे धागे आखडत, वीज गेली की सैल पडत. आतल्या माणसाच्या गालाने हसायचं ठरवलं की बाहेरचा राक्षसाचा गालही हसे, आणि राक्षसाला शोभेल एवढा मोठा हसे. मानेमागे बसवलेली बोटाएवढी चिप ह्या निरोपांची ने-आण करी. पापुद्र्याला एक उलटा गुणही होता. त्याला बाहेरून बोट लावलं की आत, नेमक्या त्याच जागी, खऱ्या कातडीला थरथर जाणवे. काम करताना नट हुळहुळतो म्हणून कुमुदने ती थरथर पहिल्याच दिवशी बंद करायला लावली. बाकी पापुद्रा तिला बेहद्द आवडला. तिने त्याचं नाव ठेवलं कात.

आता विश्राम राऊळबद्दल सांगायला हवं. कुमुदच्या एकूण एक राक्षसाच्या आत विश्राम असायचा. तरुणपणी तो दशावताराच्या कंपनीत असुराची कामं करायचा. कुमुदने त्याला एका जत्रेत पाहिलं आणि मुंबईला नेलं. तेव्हापासून जखीण तोच, अस्वल तोच, सहा हातांचा यक्षही तोच. त्याच्या चालण्याने आणि मान वळवण्याने थिएटरं हादरली, पण त्याचं तोंड कोणी पाहिलं नाही. रस्त्यात त्याच्याकडे वळून बघणारं कोणी नव्हतं आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती.

कुमुदपाठोपाठ तोही गावी परतला होता. वर्षापूर्वी एका सकाळी तो उठला तो चेहऱ्याची डावी बाजू गळूनच. डोळा मिटेना, ओठाचा कोपरा खाली लोंबला. डॉक्टर म्हणाले, नसेला सूज आली आहे, बहुतेकांची बरी होते. विश्रामची झाली नाही. नस पुन्हा वाढली पण वाट चुकून वाढली. ओठाकडे जायचे निरोप डोळ्याकडे जाऊ लागले. हसायला जावं तर डावा डोळा मिटे आणि ओठ जागचा हलत नसे. विश्रामने लोकांत मिसळणं सोडलं. बाजारात सुलभा, त्याची बायको, एकटी दिसू लागली.

आणि अशात ओजस कर्णिकचा चित्रपट आला. ओजस तिशीतला दिग्दर्शक, बोलायला गोड आणि ऐकायला हट्टी. त्याच्या गोष्टीत खाडीत राहणारा एक राक्षस होता. सगळं गाव त्याला दगड मारतं. शेवटी एक म्हातारी मासेवाली काठावर येऊन त्याला विचारते, ‘जेवलंस काय रे?’ आणि राक्षस हसतो. एवढाच शेवट. पण तो एका दमात, चेहऱ्याच्या अगदी जवळून, सीलबंद कॅमेऱ्याने घ्यायचा होता. ते हसू साधलं तर चित्रपट, नाही तर नुसता चिखल.

“राक्षस विश्रामच करेल,” कुमुदने सांगून टाकलं.

“ताई, माझा त्यांच्याबद्दल आदर आहे,” ओजस म्हणाला. “पण अर्धा चेहरा हलत नाही आणि मला हसू हवंय. मुंबईत एक पोरगा आहे, कथक शिकलेला, गाल कसे हवे तसे नाचवतो.”

“गाल नाचवणारा हवा असेल तर त्यालाच घे. माझा राक्षस मात्र मिळायचा नाही.”

तिचं हे बोलणं नुसत्या हट्टातून आलं नव्हतं. हे काम गेलं तर विश्राम घराबाहेर पडणारच नाही, हे तिला पुरतं माहीत होतं. राक्षस व्हायची सवय असलेला माणूस माणूस म्हणून घरात कोंडून घेतो, हे तिला बघवत नव्हतं. ओजसने नाइलाजाने मुदत दिली. तुळशीचं लग्न झालं की खाडीवर चाचणी घ्यायची, सीलबंद कॅमेरा लावायचा, आणि त्या दिवशी जे दिसेल त्यावर ठरवायचं.

कुमुदचं म्हणणं सोपं होतं. नसेतून निरोप तर येतोय ना? मग स्नायू हलो न हलो, कात तो निरोप ऐकेल आणि धागे ओढेल. रेहानालाही ते पटलं. विश्राम खुर्चीत बसला, डोळे मिटले, कुमुदने मोठ्या नजाकतीने हिरवट-काळा चेहरा त्याच्यावर चढवला. सांधा कुठे आहे ते चिमटीलाही कळू नये, असं काम.

“हास,” कुमुद म्हणाली.

राक्षसाचा उजवा गाल झकास वर गेला. डावीकडे डोळा मिटला, नाकपुडी उडाली आणि हनुवटी थरथरली. खाडीच्या राक्षसाऐवजी डोळा मारणारा कोणी टपोरी समोर बसल्यासारखं दिसलं. रेहानाने चिपला नवीन युक्ती शिकवली. डाव्या बाजूचे निरोप सोडून द्यायचे, उजवीकडे जे होईल त्याचीच नक्कल डावीकडे उमटवायची. आता दोन्ही गाल अगदी एकसारखे हलू लागले, आणि चेहरा जत्रेत मिळणाऱ्या बाहुलीसारखा दिसू लागला. फोनच्या पडद्यावरून ओजस बघत होता. त्याला बोलायची गरजच पडली नाही, कारण कुमुदने स्वतःच “छे!” म्हणून कात उतरवली.

विश्राम उठला आणि सायकल काढून घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही.

“कुमुदताई, एक विचारू?” रेहाना चहाचे कप विसळत म्हणाली. “विश्रामकाकांनी हा राक्षस कधी पाहिलाय का? अंगावर असताना, स्वतः?”

“त्याला कशाला पाहायला हवा? मी पाहते ना.”

“त्यांच्या मेंदूला पाहायला हवा.” रेहाना समोर येऊन बसली. “आपलं तोंड कुठलं, हे मेंदू दोन साक्षीदारांना विचारून ठरवतो, नजरेला आणि स्पर्शाला. दोघांची साक्ष एकाच वेळी जुळली की मेंदू मान्य करतो. आरशात भलताच चेहरा दाखवला आणि त्याच्या गालाला बोट लागताना आपल्याही गालाला लागलं, तर थोड्या वेळाने लोकांना तो चेहरा आपलाच वाटायला लागतो. प्रयोग झालेत ह्याचे. आणि बोट स्वतःचंच असेल तर साक्ष आणखी पक्की. तुम्ही काकांचे डोळे मिटवता, हात बांधता, स्पर्शाची थरथर तर आपण बंदच केली आहे. तीन दारं आपण लावली आणि आता विचारतोय की माणूस आत का येत नाही.”

“म्हणजे त्याने स्वतः कात लावायची? आरशात बघून?”

“हो.”

“माझ्या शेडमध्ये आरसा लागणार नाही,” कुमुद कडाडली. “तुझे धागे नीट विण आधी. आणि त्या बिचाऱ्याला त्याचं ते तोंड दाखवणार आहेस तू? वर्षभर तो ते लपवतोय!”

रेहाना वाद न घालता उठून गेली. कुमुदला वाटलं आपण जिंकलो, आणि तरी जेवण गोड लागेना. विश्रामच्या काळजीने ती नाही म्हणाली हे खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं. तिच्या हाताशिवाय राक्षस उभा राहू शकतो ही कल्पनाच तिला सोसवत नव्हती. आयुष्यभर कंगव्याआड ब्रश लपवून मिळवलेली जागा, आणि ती आता दुसऱ्याच्या बोटांना द्यायची? तिला राग आला, रडूही आलं, आणि दोन्हींपैकी काय आधी करावं ते न सुचून ती स्कूटरला किल्ली लावून विश्रामकडे निघाली.

सुलभा अंगणात कोकमं उन्हात घालत होती. “बरा झाला इलंस गो,” ती म्हणाली. “मागल्या पडवेत बसलो हा. माझ्याशी बोलणा नाय, तुझ्याशी तरी बोलता काय बघ.”

विश्राम पडवीत सुपारी कातरत बसला होता, डावी बाजू भिंतीकडे करून. कुमुद समोर बसली.

“ती रेहाना म्हणता,” कुमुदने एकदाचं काढलं, “तुझ्या राक्षसाक तूच रंगवूक व्हयो. आरशात बघून.”

अडकित्ता थांबला. “आणि तू काय म्हणालंस?”

“मी नाय म्हटलंय.”

विश्राम हसला, म्हणजे अर्धा हसला. “तुका सांगूचा नव्हता गो. पण तू रंगवतंस ता तोंड माका कधी माझा वाटलाच नाय. कंपनीत आमी काय करू? पेटाऱ्यार आरसो ठेवू आणि ज्याचा तोंड त्यान रंगवूचा. पांढरो हात फिरवलो, काळी रेघ मारली, मगे आरशातसून असुर आपल्याकडे बघूक लागता. मग उठूचा. तुझ्याकडे डोळे मिटले काय विश्राम, उघडले काय राक्षस. मधला कायच माका दिसणा नाय. इतकी वर्षा मी तुझ्या राक्षसांत भाड्यान ऱ्हवलंय. घर तुझा, मी बिऱ्हाडकरू.”

कुमुद उसळली. “इतक्या वर्षात एकदा तरी बोलायचंस!”

“तू इचारलंस खय?”

तिने सुपाऱ्यांच्या ढिगाकडे बघत पुढचा प्रश्न विचारला. “आणि आरशात बघवतला तुका?”

“माझा तोंड नाय बघवणा,” तो म्हणाला. “राक्षसाचा बघवात.”

त्याच संध्याकाळी कुमुदने कुडाळच्या बाजारातून एक उभा आरसा आणला. दुकानदाराने विचारलं, “कोणाच्या लग्नाचा?” तर ती म्हणाली, “राक्षसाच्या,” आणि तो हसला की नाही ते बघायलाही थांबली नाही.

पहिल्या दिवशी सगळीच फजिती झाली. विश्राम आरशाकडे पाठ करून कात ओढू लागला, मग हळूहळू वळला. गोंद जास्त लागला. भुवयांची कड वाकडी बसली, जबड्याखालचा सांधा चुणीदार झाला. कुमुदचे हात असे शिवशिवू लागले की तिने ते काखेत दाबून धरले. “जरा तो कोपरा...” ती म्हणायला लागली, तशी रेहानाने तिचा दंड धरून तिला सरळ शेडच्या बाहेर काढलं आणि आतून कडी घातली. आपल्याच कारखान्याच्या पायरीवर कुमुद उन्हात बसून राहिली. ह्या अपमानावर ती नंतर पुष्कळ हसली, पण त्या वेळी नाही.

आत विश्राम राक्षसाशी ओळख करून घेत होता. बोट भुवईवरून फिरवायचं, आरशात राक्षसाच्या भुवईवरून फिरताना बघायचं, रेहानाने पुन्हा सुरू केलेली कातीतली थरथर नेमकी तिथेच जाणवायची. मग नाक, मग उजवा गाल, मग डावा. डाव्या गालापाशी तो आधी घाबरे, बोट उचलून घेई. पण समोर विश्रामचं लोंबणारं तोंड नव्हतंच. समोर खाडीतला एक रागीट प्राणी होता आणि त्याच्याकडे बघायची विश्रामला लाज वाटत नव्हती. दिवसेंदिवस तो तासन्‌तास आरशासमोर बसू लागला. रेहानाने नकलेची युक्ती काढून टाकली आणि चिपला वेगळं काम दिलं. ओठाचा निरोप चुकून डोळ्याकडे गेला तर गप्प बसायचं, अगदी थोडासा जरी बरोबर वाटेने आला तर धागे ओढून शाबासकी द्यायची. लहान मुलाचं बोट धरून चालवतात, तसा तो प्रकार होता.

एका दुपारी रेहानाने कुमुदला आत बोलावलं. विश्राम आरशासमोर होता. तो हसण्याचा प्रयत्नसुद्धा करत नव्हता. त्याने राक्षसाकडे नुसतं थोडं प्रेमाने बघितलं, आणि राक्षसाच्या डाव्या ओठाचा कोपरा हलला. डोळा उघडाच राहिला.

“बघितलंस?” विश्रामने आरशातूनच विचारलं.

कुमुदने मान हलवली.

चाचणीच्या दिवशी खाडीला भरती होती. मुंबईहून पैसे लावणारी मंडळी आली होती आणि चिखलापासून बूट सांभाळत उभी होती. म्हातारीचं काम करणारी नटी अजून ठरायची होती, म्हणून ओजस म्हणाला, “ताई, तुम्हीच कॅमेऱ्याशेजारी बसा आणि ते वाक्य म्हणा.” कुमुद स्टुलावर बसली. विश्राम स्वतःच्या हाताने राक्षस होऊन पाण्यात उतरला होता. त्याच्या जबड्याखालचा सांधा उचकटल्याचं तिला इतक्या लांबूनही दिसलं. एक चिमूट गोंद, आणि झालं असतं. ती अर्धवट उठली. मग पुन्हा बसली. आता ते तोंड तिचं नव्हतं.

कॅमेरा सुरू झाला. पाणी फुटलं आणि राक्षस वर आला, डोळ्यांत भीती आणि राग. “जेवलंस काय रे?” कुमुदने वाक्य म्हटलं, पण जीव सगळा त्या सांध्यात अडकलेला. राक्षस बघत राहिला. उजवा गाल हलला. डावा हललाच नाही. मग फार उशिरा, अडखळत, डाव्या ओठाचा कोपरा थोडासा वर गेला. शेडमध्ये सरावात व्हायचं ते हसू ह्याच्या चौपट मोठं असे. हे अगदी बारीक होतं, वाकडंही होतं. संपलं, तिला वाटलं.

“कट!” ओजस ओरडला. त्याचा आवाज चिरकला होता. “ताई, हे... हे काय होतं? तो हसला आणि त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता! असं कसं केलं तुम्ही?”

“मी काही नाही केलं,” कुमुद म्हणाली, आणि हे वाक्य आपण आयुष्यात पहिल्यांदाच बोललो, हे तिच्या लक्षात आलं.

रेहाना चिखलातून विश्रामकडे धावली होती. ती त्याच्या मानेमागे काहीतरी चाचपत होती. मग तिने वळून कुमुदकडे बघितलं.

“कुमुदताई, चिपमध्ये खारं पाणी गेलंय. तो पाण्यातून वर येण्याआधीच ती बंद पडली. धाग्यांना वीजच नव्हती.”

“मग गाल कोणी हलवला?”

रेहाना हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. “विश्रामकाकांनी. कात पातळ आहे, खालचा गाल हलला की तीही हलते. त्यांच्या स्वतःच्या नसेने, स्वतःच्या स्नायूने. नस वाढली होती ताई, पण मेंदूने तिचा नाद सोडला होता. आरशासमोर बसून ह्यांनी तिला पुन्हा वळण लावलं. स्वतःचं तोंड बघवत नव्हतं म्हणून हा व्यायाम त्यांनी कधी केलाच नव्हता. राक्षसाच्या तोंडाने केला!”

पुढे कातीचं काय झालं ते तुम्हा-आम्हाला माहीत आहे. आज ती मिळते ती सिनेमाच्या दुकानात नाही, इस्पितळात मिळते. तोंडाची एक बाजू गळलेली माणसं आरशासमोर बसून आवडेल त्या प्राण्याचा चेहरा चढवतात, वाघाचा, घुबडाचा, कोणी हौशी असेल तर सहा हातवाल्या यक्षाचा. हे चेहरे कुडाळच्या शेडमध्ये बनतात, आणि मागच्या पायांची वाट बघणाऱ्या अस्वलाला आता जागा अपुरी पडते. कुमुदला मानपत्रं मिळाली. प्रत्येक सभेत ती एकच सांगे, की मी उत्तम राक्षस केला तो हात काखेत दाबून. पण ही सगळी नंतरची गोष्ट. त्या दिवशी खाडीवर अजून दुसरा टेक बाकी होता.

रेहानाने पेटीतून कोरडी चिप आणि नवी बॅटरी काढली. विश्रामने राक्षसाचा खवलेदार हात उचलून तिला थांबवलं.

“नको गो,” तो म्हणाला. “ह्या माझा मी करतंय.”

ओजसने कुमुदकडे बघितलं. बघणारच, इतकी वर्षं राक्षसाबद्दलचा शेवटचा शब्द तिचा होता. कुमुद म्हणाली, “त्याला विचार. राक्षस तो आहे.”

दुसरा टेक सुरू झाला. पाणी स्थिर होतं. कुमुदला माहीत होतं की तो कुठून वर येणार, कधी येणार, कातीवरचा एकेक खवला तिने स्वतः बसवलेला होता. आणि तरीही पाणी फुटून ते डोकं वर आलं, तिच्याकडे वळलं, तेव्हा ती दचकली. ती स्टुलासकट मागे सरकली. तिला सांधा दिसला नाही, गोंद दिसला नाही, विश्रामसुद्धा दिसला नाही. समोर एक अनोळखी, दुखावलेला, भयंकर प्राणी होता आणि तो तिलाच बघत होता. आयुष्यभर दुसऱ्यांना घाबरवलेली कुमुद तेंडोलकर पहिल्यांदा घाबरली, आणि घाबरता घाबरता तिच्या मनात आनंदाचं असं काही उधाण आलं की तिला वाक्यच आठवेना.

राक्षस थांबून राहिला. कॅमेरा फिरत होता.

“जेवलंस काय रे?” कुमुदने विचारलं. ह्या वेळी तिने खरोखरच विचारलं.

राक्षसाचा उजवा गाल वर गेला. मग डावा, जरा मागून, जरा वाकडा, पण आपल्या पायांनी चालत आल्यासारखा. संहितेत इथे राक्षस गप्प राहतो. पण विश्राम दशावतारी होता, आणि दशावतारात संवाद कोणी लिहून देत नाही.

“नाय गो,” राक्षस म्हणाला. “तुझीच वाट बघी होतंय.”